दोन खणांचा कॉम्प्युटर

माझ्या कॉम्प्युटरमध्ये सगळं होतं, फक्त सापडत नव्हतं. आमच्या शिक्षणसंस्थेत मी हेडक्लार्क आहे आणि हेच वाक्य मी तिथं एका पालकाला त्याच्या अर्जाबद्दल ऐकवलं होतं. तेव्हा ते मोठं मुद्देसूद वाटलं होतं. घरी तेच वाक्य थोरल्या भावाला ऐकवायची वेळ आली तेव्हा मात्र मी त्याला चहा विचारला.

थोरला भाऊ म्हणजे परशराम, आमचा अण्णा. वडगावात त्याचे माग आहेत. आमचं घराणंच साड्या विणणाऱ्यांचं. मी शिकलो आणि अनगोळात ब्लॉक घेऊन खुर्चीत बसलो, अण्णा मागावर राहिला. आमचे वडील, आप्पा, साडीचे काठ स्वतः ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढायचे. ते गेल्यावर त्या कागदांना वाळवी लागली, तेव्हा उरलेसुरले सगळे कागद मी स्कॅन करून कॉम्प्युटरात घातले आणि वाळवी पसरू नये म्हणून मूळ कागद जाळून टाकले. पुढं अण्णाच्या मागाला इलेक्ट्रॉनिक डबी बसली. तिला पेन ड्राइव्ह लावला की काठ आपोआप उठतो. मग काठ उठवायची ती जुनी भोकं पाडलेली कार्डं कशाला ठेवायची, असा सल्ला मी दिला आणि अण्णानं ती रद्दीत घातली. थोरला असूनही तो माझं ऐकतो, कारण मी शिकलेला आहे. शिक्षणाचे तोटे लोक समजतात त्याहून जास्त आहेत.

या वर्षी अण्णाच्या अंजनीचं लग्न ठरलं. मुलगा निपाणीचा. अण्णानं जाहीर केलं की लेकीची लग्नाची साडी तो स्वतः विणणार, घरच्या मागावर, आणि काठ आप्पांचा रुईफुलाचा घालणार. एका रविवारी तो शर्टाच्या खिशात पेन ड्राइव्ह घालून माझ्याकडं आला.

मी कॉम्प्युटर उघडला. त्यात ‘काठ’ असं एक फोल्डर होतं. त्यात ‘काठ जुने’. त्यात ‘काठ जुने नवे’. शेजारी ‘नवीन’, ‘नवीन खरं’, ‘नवीन खरं शेवटचं’ आणि ‘हे उघडू नये’. मी ते उघडलं. त्यात लाईट बिलं होती. अण्णानं एक चहा घेतला, मग दुसरा घेतला, भिंतीवरचं कॅलेंडर वाचून काढलं आणि उठला.

“असू दे रं भरमा,” तो म्हणाला. “सवडीनं काढून ठेव. ताणा घालायला येळ हाय अजून.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. पण अण्णा चिडत नाही, ही त्याची मोठी वाईट खोड आहे. ‘सवडीनं’ हा शब्द हेडक्लार्कनं लोकांना ऐकवायचा असतो, लोकांनी हेडक्लार्कला नव्हे. दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी फोनवर कुठंतरी वाचलं की दोष माणसाचा नसून फाईल मॅनेजरचा असतो. फाईल मॅनेजर म्हणजे कॉम्प्युटरमधला तो भाग, जो आपल्याला फायली दाखवतो, हलवतो आणि प्रसंगी लपवतो. मशीनबरोबर येतो तोच वापरला पाहिजे असं काही नाही. दुसरे असतात, निवडून घेता येतात. मला फार हलकं वाटलं. मी तसाच स्वयंपाकघरात जाऊन सुवर्णाला सांगितलं.

“सापडत न्हाय तुमाला,” ती भाकरी थापत म्हणाली, “आणि बदलताय कपाट.”

सुवर्णा माझी बायको. तिच्या स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या नाहीत, आणि तरी तिला अंधारात ओवा सापडतो. अशा माणसाशी तांत्रिक विषयावर बोलण्यात अर्थ नसतो.

म्हणून मी समोरच्या मारुतीरावांकडं गेलो. मारुतीराव चिकोडीला एका ऑफिसातून रिटायर झालेले, उभी हयात फायलींत घातलेले. त्यांनी माझं सगळं म्हणणं डोळे मिटून ऐकून घेतलं.

“भरमाण्णा, फाईल शोधायची नसती,” ते म्हणाले. “मागणारा दमस्तोवर थांबायचं असतंय.”

“मागणारा माझा सख्खा भाऊ आहे.”

“मग अवघड हाय. भाऊ लवकर दमत न्हाय.” पण विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता. संध्याकाळी चप्पल घालून ते स्वतः माझ्या खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले. त्यानंतर हे काम माझं एकट्याचं राहिलं नाही.

पहिला फाईल मॅनेजर उतरवून घेतला तर कॉम्प्युटर म्हणाला, ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी आणा. मला वाटलं मीच तो. घर माझं, टेबल माझं, वीज माझी. पण मागं मशीन बिघडलं होतं तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातल्या विनोदनं ते दुरुस्त करून दिलं होतं आणि त्या भरात ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून तो स्वतःच आत बसला होता. म्हणजे इतके दिवस माझ्या घरचा कारभारी विनोद होता आणि मी नुसता वापरत होतो.

विनोदच्या दुकानाला कुलूप. दुसऱ्या दिवशी तो होता, पण समोर तीन मशीनं उघडी पडलेली. मान वर न करता तो म्हणाला, “नाळे बन्नी.” उद्या या. विनोद मराठी, मी मराठी, पण आमच्या सीमाभागात ‘उद्या या’ मराठीत सांगितलं तर माणूस कारण विचारत बसतो. कानडीत सांगितलं की मुकाट घरी जातो. मीही गेलो. शेवटी त्याची सवड झाली तेव्हा तो आला, पासवर्ड घातला, चहा प्यायला आणि म्हणाला, “सर, काय वाट्टेल ते घाला आता. फक्त काय पुसायचं असलं तर आदी मला इचारा.” मी हेडक्लार्क आहे. मला पुसण्याबद्दल विनोद सांगणार.

आता निवड सुरू झाली. पहिला फाईल मॅनेजर नुसता काळा पडदा होता. त्यात सगळं टाईप करून मागायचं. आपण काही मागितलं की तो इंग्रजीत दोन शब्दांत नाही म्हणायचा. मारुतीरावांना तो फार आवडला. “ह्येला म्हंत्यात ऑफिस,” ते म्हणाले. दुसरा देखणा होता. प्रत्येक फाईलचं चित्र रंगीत आणि मोठ्ठं दाखवायचा, आणि ते काढता काढता असा दमायचा की पंखा लावूनसुद्धा मशीन तापून भाजी शिजली असती. तिसरा मिळाला तो दोन खणांचा. पडद्याच्या मधोमध उभी रेघ, डाव्या खणात आपल्याजवळ काय आहे ते, उजव्या खणात ते कुठं न्यायचं ते. इकडचं उचलायचं, तिकडं ठेवायचं. बघताक्षणी माझं मन बसलं.

मारुतीराव मात्र त्या रेघेकडं बघत राहिले. आमच्या भागात जन्मलेल्या माणसाला मधे रेघ असलेलं काहीही दाखवलं की आपण कुठल्या बाजूला आहोत हे तो आधी बघतो.

“ह्यातली आपली बाजू कंची?”

“दोन्ही आपल्याच आहेत, मारुतीराव.”

“असं कुटं असतंय व्हय,” ते म्हणाले, आणि मला जग कळत नाही अशा अर्थानं त्यांनी मान हलवली.

आठवडाभर मी त्या दोन खणांत रमलो. लाईट बिलं एकीकडं, संस्थेची पत्रं एकीकडं, सुवर्णाच्या माहेरचे फोटो एकीकडं. मग काठ घेतले. जुन्या घोळात एकेक काठ चार चार ठिकाणी गेलेला असणार, हे उघड होतं. या सॉफ्टवेअरमध्ये सारख्या फायली हुडकून काढायची सोय होती. त्यानं विचारलं, कशावरून ओळखू? नावावरून, आतल्या मजकुरावरून की आकारावरून? नावं तर मीच बिघडवलेली. आतला मजकूर ताडून बघायला त्याला फार वेळ लागणार होता. राहिला आकार, म्हणजे फाईल किती भरते ते. म्हणजे वजनच की.

आता हे विणकराच्या पोरालाच कळेल. आमच्या घरात लहानपणापासून मी हेच बघत आलो. मालक सूत वजन करून द्यायचा, साडी वजन करून घ्यायचा. तराजू सरळ राहिला की बोलणं संपलं. आप्पा म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, वजन बोलणार न्हाय. कॉम्प्युटरनं सगळे काठ तोलले आणि यादी दाखवली तर सगळ्यांचं वजन एकसारखं, शेवटच्या आकड्यापर्यंत. मी थक्क झालो. म्हणजे माझ्याकडं एकच काठ होता आणि बाकी सगळ्या त्याच्याच नकला. एवढा पसारा मी इतकी वर्षं सांभाळत होतो.

“वजनाला सारखं भरलं न्हवं?” मारुतीराव म्हणाले. “मग एक ठेवा, बाकी फाडा. आमच्याकडं असंच करत हुते.”

फाईल मॅनेजर म्हणाला, सगळ्यांत जुनी ठेवतो. ठेव म्हटलं. तो म्हणाला, बाकीच्या कचरापेटीत टाकू की कायमच्या पुसू? घरातली अडगळ माळ्यावर चढवायची आणि मग माळा साफ करायचा, ही आमच्या घरातली जुनी रीत मला कधीच पटलेली नाही. मी कायमच्या म्हटलं.

काठाचं फोल्डर असं लख्ख झालं की मी सुवर्णाला हाताला धरून दाखवायला आणलं.

“एकच?” ती म्हणाली.

“बाकी सगळ्या कॉप्या होत्या.”

“जलमभर मामंजींनी एकच काठ काढला व्हय?”

मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. ती आत गेली. तेव्हाच उठून ती फाईल उघडून बघायला हवी होती. पण निवड शास्त्रशुद्ध झाली पाहिजे म्हणून मी त्या आठवड्यात आणखी दोन मॅनेजर उतरवले, घातले, काढले, परत घातले. ते दोन खणांच्या पासंगाला पुरले नाहीत, हे मला पटलं, आणि मी अण्णाला निरोप धाडला की काठ तयार आहे, केव्हाही ये.

अण्णा दुसऱ्याच दिवशी आला. ताण्याचे उभे धागे मागावर चढले होते, आता फक्त काठाची वाट होती. मी डाव्या खणातली ती एकुलती एक फाईल ऐटीत उघडली.

पडद्यावर मोर आला. तो मी काढलेला होता. दहावीत असताना मला एकदा वाटलं होतं की आपणही काठ काढावा. तुरा तेवढा जमला, पण पुढं चौकोनांचा अंदाज चुकला, मान आखूड राहिली, पाय जाड झाले आणि पिसारा काढायला जागाच उरली नाही म्हणून तो मागं गुंडाळला. पुढं स्कॅनर आणला तेव्हा तो चालतो का बघायला पहिला कागद मी माझाच लावला होता. म्हणून तो सगळ्यांत जुना.

“ही तुझी कोंबडी न्हवं?” अण्णा म्हणाला.

“मोर आहे तो.”

“बरं. रुईफूल कुटं हाय?”

मी उजवा खण उघडला. डावा उघडला. ‘हे उघडू नये’ उघडलं. मग सायकल काढून विनोदकडं गेलो, आणि या खेपेला तो कानडीत काही बोलला नाही, माझं तोंड बघून तसाच उठला.

पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर विनोदनं लावलं. नावं परत आली. आप्पांच्या काठांना मी दिलेली सगळी नावं, ‘काठ’, ‘काठ खरा’, ‘काठ खरा शेवटचा’, एकाखाली एक. उघडली तर आत नुसते आडवे पट्टे. त्या जागेवर मी नंतर दोन मॅनेजर घालून काढून परत घातले होते, ते तिथं बसले होते. “सर, ह्या जातीची चित्राची फाईल चौकटीवर वजन धरती,” विनोद हळू म्हणाला. “कागद सारखा, चौकट सारखी. मग आत रुईफूल काढा नायतर कोरा ठेवा, वजन तेवढंच. मला एकदा इचारायचं तरी.”

इथं मला काही विनोदी सांगता येत नाही. मला लाज वाटली. माझ्या आप्पांनी डोळे फोडून भरलेले चौकोन मी एका बोटानं घालवले होते, आणि वर बायकोला म्हटलं होतं, तुला कळत नाही. अण्णा उठून बाहेर गेला, जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला आणि परत आला.

“पेन ड्राइव्हवर घाल.”

“काय घालू?”

“जे हाय ते.”

मी त्याला हरप्रकारे समजावलं. म्हटलं, रुईफूल जुन्या साडीवरून उतरवू. तर एक काठ ग्राफवर बसवायला महिने जातात आणि लग्न तोंडावर आलं होतं. म्हटलं, काठ बाजारात तयार मिळतात, एखादा झकास विकत घेऊ.

“इकतचा काठ घालायचा तर साडीबी इकतच आणली असती की,” अण्णा म्हणाला. “घरचं काय तरी पोरीच्या अंगावर जाऊ दे म्हणून तर बसलोय. घाल.”

मी म्हटलं, निदान मोराची मान थोडी लांब करून देतो. त्यावर मात्र तो पटकन म्हणाला, “न्हाय. तू आता कशाला हात लावू नकोस.”

साडी मागावर उठू लागली तशी गल्लीत बातमी गेली. मारुतीराव वडगावला जाऊन प्रत्यक्ष पाहणी करून आले आणि म्हणाले, टर्की असावी. कुणी बदक म्हणालं. जो येईल त्याला मी सांगत होतो की मोर आहे, आणि जो तो समजुतीनं मान डोलवत होता. शेवटी एकदा जेवताना सुवर्णा म्हणाली, “मांडवात जेवण शाकाहारी, आणि नवरीच्या अंगावर हे.” तिनं वाक्य पुरं केलं नाही, ही तिची मेहेरबानी. अंजनीला मात्र मी स्वतः जाऊन सांगितलं, काय झालं ते सगळं. ती हसली, म्हणाली, “मोर हाय न्हवं काका? मग मी तिकडं सांगते की मोराचा काठ हाय म्हणून.” मला ते भलतंच महागात पडणार होतं, पण तेव्हा बरं वाटलं.

लग्न निपाणीला झालं. साडी सुरेख उतरली होती, हे दुष्मनानंही कबूल केलं असतं. जांभळं अंग, तांबडा काठ, आणि त्या काठावर पदरापर्यंत रांगेनं निघालेले माझे मोर. मी मागं रचलेल्या खुर्च्यांच्या आडोशाला उभा राहून अक्षता टाकल्या.

जेवणं झाल्यावर ओटी भरायला नवऱ्याकडच्या बायका जमल्या. मधे बसवली होती तानीबाईला. ही नवऱ्याच्या बापाची थोरली आत्ती, बोरगावची. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कोण जात नाही, असं आम्हाला बोलणी करतानाच सांगितलं होतं. मला कुणीतरी नारळ आणायला पिटाळलं म्हणून मी नेमका तिथं पोचलो. तानीबाईनं ओटी भरली, साडीचा काठ दोन बोटांत धरला आणि खुशीत म्हणाली, “कोंबड्या हायत व्हय गं? लई चांगल्या उठल्यात.”

पोरी फिसकन हसल्या. एक बाई दुसरीच्या पाठीमागं तोंड लपवून हसली. नवऱ्याची आई घाईघाईनं म्हणाली, “आत्ती, मोर हायत ते. त्यांच्या घरचा मोराचा काठ हाय. अंजनीनं सांगितलंय की.”

म्हातारीनं काठ सोडून दिला. “आता डोळ्यास्नी काय दिसत न्हाय बाई,” ती म्हणाली आणि हात पदरात घेतले. भरल्या घरात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, त्या घरची थोरली बाई खोटी पडली होती, आणि पडली होती ती नव्या सुनेच्या साडीपायी. अंजनीच्या तोंडावरचं हसू गेलं. उंबरा ओलांडायच्या आधीच तिच्याकडून थोरल्या बाईचा मान मोडला होता. तिनं वर बघितलं, ते माझ्याकडं.

मी नारळ खाली ठेवला.

“कोंबड्याच हायत, आत्ती,” मी म्हणालो. “बरोबर वळखलासा. मी काढलेल्या हायत. घरात सगळ्यास्नी मोर म्हणून मीच सांगत बसलोय, लाज वाटती म्हणून.”

दोन्हीकडची माणसं माझ्याकडं बघत होती. आमच्या संस्थेचे एक शिक्षकही पान खाता खाता थांबले. कुणी हसलं नाही, कारण तानीबाई हसली नाही. तिनं सगळ्या पोरींकडं एकदा सावकाश बघून घेतलं.

“मग. जलमभर कोंबड्या राखल्या मी,” ती म्हणाली. “आणि मला सांगत्यात.”

तिनं अंजनीला जवळ ओढून बसवली. काठ परत हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, अंगठ्यानं चाचपत चाचपत एका जागी थांबली. मग मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं.

“पर ह्यो तुरा मोराचा काढलायसा की वो तुमी,” ती म्हणाली.

मी खाली ठेवलेला नारळ उचलला आणि तिच्या हातात दिला.